आकडा सांगताना

मराठी सांस्कृतिक व्यवहारात ‘अमूल्य’ हे विशेषण बहुधा एखादी वस्तू फुकट मागण्याच्या किंचित आधी येते. ‘आपल्याकडील हा अमूल्य ठेवा आमच्या संस्थेस लाभावा’ या वाक्यात ‘लाभावा’ हे क्रियापद इतक्या अदबीने बसलेले असते की, ज्याच्याकडून ते लाभायचे त्याने औषधाच्या दुकानात काय द्यायचे, हा प्रश्न विचारणेच असभ्य वाटावे. गेल्या वर्षी अशी दोन पत्रे माझ्या हाती आली. दोन्हींची भाषा निर्दोष होती आणि दोन्हींत आकडा नव्हता.

ज्या संग्रहासंबंधी ती पत्रे होती तो माझ्या सरांचा. सर सांगलीला गावभागात राहत. आयुष्यभर मराठी शिकवले, निवृत्त झाले आणि तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्याकडे लघुनियतकालिकांचा, म्हणजे ज्यांना आपण अनियतकालिके म्हणतो त्यांचा, एक छोटा पण नीट जमवलेला संग्रह होता. घर विकून पुण्याला लेकीजवळ राहायला जायचे काकूंनी ठरवले. गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची होती आणि तिच्यासाठी मुलांपुढे हात पसरायचा नाही, असेही त्यांनी ठरवले होते. संग्रह विकायचा, पण किंमत तू सांगायची, असे त्या मला म्हणाल्या. मी का? तर ‘अगं, मी कमी सांगितली तर ह्यांना काय वाटेल, आणि जास्त सांगितली तर लोक काय म्हणतील?’ किमतीच्या प्रश्नातील सगळी अडचण काकूंच्या या एका वाक्यात आली आहे, असे मला अजूनही वाटते.

दुर्मिळ वस्तू विकत घेण्यावर साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. वॉल्टर बेन्यामिनचा आपले ग्रंथालय खोक्यांतून बाहेर काढण्याविषयीचा 1931 चा निबंध आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्यात लिलावातल्या युक्त्या आहेत, जुन्या दुकानांतला आनंद आहे, हव्यास आहे. विकणाऱ्याच्या बाजूने असे काही वाचल्याचे मला आठवत नाही. घेणे ही आवड मानली जाते आणि विकणे ही अडचण. त्यामुळे विकणाऱ्याने काहीसे ओशाळे असावे, आणि ओशाळ्या माणसाने आकडा सांगू नये, समोरच्याने जो सांगितला तो मुकाट्याने घ्यावा, अशी एक अलिखित रीत पडलेली दिसते.

प्रथम संग्रहाविषयी. एकूण 44 नग. त्यांत 43 अंक आणि एक पुस्तक: प्रास प्रकाशनाने 1977 साली काढलेल्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’ची पहिली आवृत्ती. अंकांपैकी काही सायक्लोस्टाइल केलेले. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने अक्षरे कोरायची आणि यंत्राचे हँडल फिरवत प्रती काढायच्या, अशी ती पद्धत. काहीशे प्रतींनंतर स्टेन्सिल फाटू लागते, म्हणजे आवृत्तीची मर्यादा तंत्रातच होती. कोलटकर, दिलीप चित्रे आदींनी 1954 साली सुरू केलेले ‘शब्द’ असेच निघे. पुढे साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, चंद्रकांत खोत यांचे ‘अबकडइ’ आणि त्यांच्या आगेमागे निघालेली, दोन-चार अंकांत मिटलेली कितीतरी नावे. (सूची करताना ‘असो’ हा शब्द लिहिला की आपोआप पुढच्या परिच्छेदाकडे जावेसे वाटते, हा अध्यापकी सवयीचा दोष.)

हे अंक दुर्मिळ का झाले, याचे एक कारण मला सूची करताना उमगले. ‘सत्यकथा’ 1982 साली बंद पडली, पण तिचे जुने अंक आजही मिळतात. वर्गणीदार होते, घरोघर वर्षांचे गठ्ठे बांधून ठेवले जात, ग्रंथालये त्यांची बांधणी करून घेत. 1969 साली ज्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली त्या पिढीच्या अनियतकालिकांना मात्र ग्रंथालयाच्या नोंदवहीत रकानाच नव्हता. मासिक, द्वैमासिक, त्रैमासिक असे लिहायची सोय होती. ‘पैसे जमतील तेव्हा’ असे लिहायची नव्हती. जे रजिस्टरवर येत नाही ते कपाटात राहत नाही. अनियतपणा हा ज्यांचा बाणा होता, त्यांच्या अंकांची आजची किंमत बरीचशी त्या बाण्यामुळेच ठरते.

सरांच्या प्रतींची अवस्था सरसकट चांगली नव्हती. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात आले तेव्हा कपाटाचे खालचे दोन खण बुडाले. वरच्या खणांतले अंक कोरडे राहिले, पण दमटपणाने पिना गंजल्या आणि गंज कागदात उतरला. स्वस्त कागद मुळातच पिवळा पडून ठिसूळ होतो. काही अंकांना कसरीने कडा कुरतडलेल्या. एका अंकाचे मुखपृष्ठच नाही. हे सगळे मी सूचीत नगवार लिहिले, कारण पक्की किंमत सांगायची तर वैगुण्यही पक्के सांगितले पाहिजे. घासाघीस होणार हे ठाऊक असले की विकणारा डाग झाकतो आणि घेणारा नसलेला डाग शोधतो. एकच आकडा सांगायचा असेल तर डाग आधीच त्या आकड्यात शिरलेला असतो.

आता गिऱ्हाइके. शहरातील जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याने अर्ध्या तासात सगळे चाळून ‘सरसकट पंचवीस हजार, आत्ता’ असे सांगितले. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याने निदान आकडा उच्चारला होता. दोन संस्थांची पत्रे वर आलीच आहेत. एकीने दात्याच्या नावाची पाटी लावण्याचे आश्वासन दिले होते, दुसरीने तेही नाही. तिसरे होते मुंबईचे एक संग्राहक गृहस्थ. बोलणे मृदू, वाचन दांडगे. त्यांनी फोनवर विचारले, ‘तुमची अपेक्षा काय?’

‘अपेक्षा’ हा शब्द मी एरवी दोनच ठिकाणी ऐकला आहे: स्थळे पाहताना आणि जमिनीच्या व्यवहारात. दोन्ही ठिकाणी त्याचे काम एकच, समोरच्याला आधी बोलायला लावणे. जो आधी बोलतो त्याची गरज कळते. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात, ते भोवतीच्या माणसांना भाव कळू नये म्हणून. अपेक्षा विचारणे हा शिष्ट समाजातला रुमाल आहे. त्याखाली प्रत्येकाला वेगळा आकडा सांगता येतो, आणि काकूंच्या घरी खोकी बांधून ठेवलेली आहेत, मे महिन्यात जागा रिकामी करायची आहे, हे ज्याला कळेल त्याला सर्वांत कमी. म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. आकडा आपण सांगायचा, आणि तो एकाच दिवशी सर्वांना, विक्रेत्यालाही, संस्थांनाही, सूचीसह लेखी कळवायचा.

पण आकडा काढायचा कशावरून? टपाल तिकिटांच्या जगाचा मला हेवा वाटतो. तिथे स्टॅन्ली गिबन्सची दरपत्रिका 1865 पासून निघते. 15 ऑगस्ट 1948 रोजी निघालेल्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापलेल्या अवघ्या शंभर प्रती गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी काढल्या होत्या. त्यांतील चार तिकिटांची सलग पट्टी या पेढीने 2017 साली पाच लाख पौंडांना विकली. ही विक्री लिलावात झाली नाही. संग्राहकाशी थेट झाली. लिलावाची गंमत अशी की त्याला निदान दोन हट्टी माणसे लागतात. ब्रिटिश गियानाचे 1856 चे एक सेंटचे तिकीट हे जगात एकमेव मानले जाते. 2014 साली ते लिलावात सुमारे 95 लाख डॉलरना गेले आणि 2021 साली सुमारे 83 लाखांना. तिकीट तेच, त्याचे एकमेवपणही तेच. दिवाणखान्यातली माणसे बदलली. सांगलीच्या त्या खोलीत आमच्याकडे एकच हट्टी माणूस येण्याची शक्यता होती. तेव्हा लिलाव बाद.

मराठी लघुनियतकालिकांची दरपत्रिका नाही. माझ्याजवळ काय होते? सरांची एक वही, जिच्यात कोणता अंक कुठून, कितीला घेतला ते त्यांनी लिहून ठेवले होते. माझ्या स्वतःच्या खरेदीच्या नोंदी. विक्रेत्यांच्या याद्यांत गेल्या काही वर्षांत दिसलेले भाव, आणि त्यांपुढे मी केलेली खूण: गेला, की अजून तिथेच आहे. ही खूण फार महत्त्वाची. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत गल्लत करून पुष्कळ वारसदार मनात इमले बांधतात. एखादा अंक तीन वर्षे दहा हजारांना ‘उपलब्ध’ असेल, तर त्यावरून इतकेच कळते की दहा हजारांना तो कुणाला नको आहे.

मी नगांचे गट केले. कोरडे, पूर्ण आणि मी अन्यत्र कुठेही न पाहिलेले 7 अंक, प्रत्येकी नऊ हजार. पूर्ण पण अधूनमधून आढळणारे 24, प्रत्येकी चार हजार. भिजलेले किंवा पाने गळालेले 12, प्रत्येकी दीड हजार. पुस्तक आठ हजार. बेरीज 1,85,000. एकगठ्ठा घेतल्यास सूट द्यावी, असा बाजारातला रिवाज आहे. मला तो इथे उलटा वाटला. सुटा अंक हे कुतूहल असते. त्रेचाळीस एकत्र असले तर कुणी अभ्यासक कोणता कवी कुठून कुठे गेला, कुणाचे कुणाशी फाटले, हे लावू शकतो. तरीही मी एकत्रपणाचे जास्त पैसे लावले नाहीत, आणि सूटही ठेवली नाही. सुटे विकायचे नाहीत, एवढेच लिहिले.

आकडा पाठवण्यापूर्वी काकूंना विचारले, ‘यापेक्षा कितीला कमी आले तर तुम्ही देणार नाही?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘याच्यापेक्षा कमी म्हणजे मग राहू दे.’ पक्क्या किमतीचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. सर्वसाधारण व्यवहारात विकणाऱ्याकडे दोन आकडे असतात, एक तोंडातला आणि एक पोटातला, आणि घासाघीस म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा रस्ता. सतराव्या शतकातले इंग्लंडमधील क्वेकर व्यापारी घासाघीस नाकारत ते याच कारणाने. जेवढ्याला देणार त्याहून जास्त मागणे हे त्यांच्या लेखी असत्यच होते. मी काही इतकी कर्मठ नाही. मंडईत मी आनंदाने घासाघीस करते, भाजीवालीही करते, आणि उद्या आम्ही पुन्हा भेटणार असतो. दुर्मिळ वस्तूच्या व्यवहाराला उद्या नसतो. तिथे पोटातला आकडाच तोंडाने सांगावा, म्हणजे पुढचे बोलणे वस्तूविषयी होते.

एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला, आणि तो हलका नव्हता. जे अंक प्रस्थापित प्रकाशनव्यवहार नाकारण्यासाठी निघाले त्यांना लाखाच्या भावात बसवणे हा त्यांचा पराभव नव्हे काय? मी त्याला सरांचे अंक दाखवले. बहुतेकांवर किंमत छापलेली आहे. ‘वर्गणी पाठवा’, ‘कागदाचे पैसे थकले आहेत’ अशा ओळी आहेत, कधी विनोदाने, कधी वैतागाने. ही मंडळी पैशाविरुद्ध नव्हती. कुणाच्या पैशावर कुणी मिंधे राहावे याविरुद्ध होती. अंक बंद पडले त्यामागे छपाईची बिले आणि टपालखर्च हे फार साधे कारण असे. ज्यांना वाचकांनी वेळेवर वर्गणी दिली नाही त्यांच्या अंकांना आज ‘अमूल्य’ म्हणून फुकट मागायचे, यात कोणती बंडखोरी आहे?

त्यावर त्याने तुकोबांचा दाखला दिला. परंपरा सांगते की तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली. तीच परंपरा असेही सांगते की बुडवण्यापूर्वी त्यांनी वाटणी केली: निम्मी खते भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी नदीत सोडली. कथेचा हा दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. मला तो पहिल्याइतकाच मोठा वाटतो. आपल्या वाट्याची खते बुडवायला वैराग्य लागते; भावाच्या वाट्याची बुडवायला ते लागत नाही. सरांचा संग्रह माझा असता तर कदाचित मी तो एखाद्या संस्थेला दिलाही असता. तो काकूंचा होता, आणि सरांच्या संसारात त्या अंकांचे पैसे कुठून आले होते हे त्या वहीतल्या तारखांवरून कळत होते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी जवळजवळ कधीच खरेदी केलेली नाही.

पत्रे जानेवारीत गेली. मग काहीच झाले नाही.

या शांततेविषयी लिहिणे भाग आहे, कारण पक्क्या किमतीचे खरे मोल तिथे मोजावे लागते. विक्रेत्याने ‘ठीक आहे’ एवढेच कळवले. एका संस्थेने उत्तर दिले नाही. दुसरीने खरेदी समितीची बैठक पुढच्या आर्थिक वर्षात होईल असे कळवले, तेही सौजन्याने. मुंबईचे गृहस्थ पंधरा दिवसांनी म्हणाले, ‘दीड लाख रोख, उद्या गाडी पाठवतो.’ मी म्हटले, आकडा बदलायचा तर सूचीतला कोणता नग मी चुकीच्या गटात घातला ते दाखवा, दुरुस्त करीन. ते हसले. म्हणाले, ‘बाई, असा व्यवहार होत नाही हो.’ फेब्रुवारी गेला, मार्च गेला. काकू काही बोलत नसत, पण खोकी दारापासून आतल्या खोलीत गेली होती. एकच भाव धरून बसणे हा थांबता येणाऱ्या माणसाचा अधिकार आहे. ज्याला पुढच्या सोमवारी दवाखान्यात पैसे भरायचे आहेत त्याला तो नाही, आणि बाजार नेमका तोच सोमवार हुडकत असतो. काकूंच्या निवृत्तिवेतनामुळे आणि डॉक्टरांनी दिलेल्या जूनच्या तारखेमुळे आम्हांला चार महिने मिळाले. ते नसते तर पंचवीस हजारांचा आकडाच वास्तव ठरला असता, आणि माझ्या तीन गटांच्या सूचीला कुणी विचारले नसते. म्हणून घासाघीसीत नमणाऱ्या विक्रेत्याला कमकुवत म्हणायला मी धजत नाही.

एप्रिलच्या अखेरीस मुंबईचे गृहस्थ स्वतः आले. सूची हातात घेऊन त्यांनी दिवसभर एकेक अंक पाहिला. दोन ठिकाणी त्यांनी शंका काढली. एका अंकात मधली चार पाने दुसऱ्या अंकाची होती. मी तो तिसऱ्या गटात घातला आणि अडीच हजार कमी केले. दुसरी शंका टिकली नाही. संध्याकाळी ते 1,82,500 रुपये द्यायला तयार झाले. ‘पावणेदोन करून टाका, गोल आकडा बरा,’ एवढे एकदा म्हणून पाहिले. मी नाही म्हटल्यावर पुन्हा म्हणाले नाहीत. सर्व अंकांची छायाचित्रे काढून एक संच माझ्या महाविद्यालयाला अभ्यासासाठी द्यायचे त्यांनी आपणहून कबूल केले आणि पुढे पाळले.

खोकी बांधताना काकूंनी एक अंक बाजूला काढला. दुसऱ्या गटातला, साधासाच. त्यात सरांची एक कविता होती, त्यांनी पुढे कधी पुस्तकात न घेतलेली. ‘हा राहू दे का गं?’ गृहस्थ लगेच म्हणाले, ‘अहो, ठेवा ना, त्याचे काय एवढे.’ मी सूचीतला नग खोडला आणि चार हजार वजा केले. ते म्हणाले, नको, राहू द्या. काकूंनीच मान हलवली. 1,78,500. पावती दोन प्रतींत केली, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घेतल्या, आणि 43 नग तीन खोक्यांत भरून, वर प्लॅस्टिक गुंडाळून, गाडीत ठेवले. पैसे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकूंच्या खात्यात जमा झाले. बँकेतून फोन करून त्यांनी मला आकडा वाचून दाखवला आणि विचारले की, यावर कर लागतो का.